बॉम जेझसचा उतरवलेला गिलावा

जुन्या गोव्यातील बॉम जेझस बासिलिकेसमोर उभे राहिले की उघड्या जांभ्याचा काळवंडलेला तांबडा रंग प्रथम डोळ्यांत भरतो. या रंगालाच आम्ही दीर्घकाळ प्राचीनतेची खूण मानत आलो. वस्तुतः ती विसाव्या शतकाची देणगी आहे.

२४ नोव्हेंबर १५९४ रोजी पायाभरणी झालेल्या या चर्चचे पवित्रीकरण १५ मे १६०५ रोजी झाले. जेझुइटांनी भिंती जांभ्याच्या उभारल्या, कोरीव कामासाठी वसईहून काळा दगड आणला. जांभा सच्छिद्र असतो, पाऊस पितो, हे कोकणच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणूनच त्यावर चुन्याचा गिलावा होता. तो केवळ साज नव्हता, बांधकामाचा अविभाज्य भाग होता.

आतील कलेतही असेच थर आढळतात. चर्च 'भल्या येशू'चे, पण सोनेरी वेदीवर बाळ येशूची मूर्ती लहान आणि तिच्या वर संत इग्नेशियसची मूर्ती भव्य आहे. त्याची वर वळलेली दृष्टी मात्र येशूनामाच्या तेजोवलयाकडे नेते, आणि त्याहून वर त्रैक्य आहे. संत फ्रान्सिस झेवियरची रौप्यपेटी गोव्याच्या कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोजिनीचा. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याची ती भेट १६९८ मध्ये येथे पोहोचली. प्रत्येक काळाने येथे काही भर घातली.

१९५० च्या दशकात मात्र उलट घडले. पोर्तुगीज सत्तेच्या अखेरच्या पर्वात वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली बाहेरचा गिलावा काढण्यात आला. वास्तू जुनी दिसावी म्हणून तिचे जुने रूपच पुसले गेले. उघडा पडलेला दगड तेव्हापासून पावसात झिजत आहे. गिलावा पुन्हा करावा की नाही, हा वाद त्यामुळे केवळ सौंदर्याचा नाही, वास्तूच्या आयुष्याचा आहे.

संहिता-चिकित्सा शिकणाऱ्यांना हा पेच परिचित वाटेल. संपादकाने गाळलेला मजकूर परत घ्यावा, तर कित्येक पिढ्यांच्या परिचयाचा पाठ हरवतो. घेऊ नये, तर मूळ रचनेवर अन्याय होतो. पण ग्रंथाच्या दोन्ही प्रती जपता येतात, भिंतीच्या नाहीत. म्हणून आमचे मत गिलाव्याच्या बाजूने आहे. डोळ्यांना झालेली सवय हा काही पुरावा नव्हे.