सीएनजीची मोटार आणि विसरलेले पेट्रोल

नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बे येथील आरसीएफच्या आवारात गेलच्या मुख्य वायुवाहिनीला हानी पोहोचली, वडाळ्याच्या केंद्राकडे येणारा वायू घटला आणि मुंबई-ठाणे परिसरातील अनेक सीएनजी पंप बंद पडले. अशा वेळी मीरा-भाईंदरमधील सीएनजी मोटारधारकाला पेट्रोलचाच आधार उरतो. आणि महिनोन्महिने दुर्लक्षित राहिलेली पेट्रोलची टाकी नेमकी तेव्हाच दगा देते.

एरवीही बहुतेक सीएनजी मोटारी पेट्रोलवरच सुरू होतात आणि इंजिन तापल्यावर आपोआप वायूवर जातात. थेट सीएनजीवर सुरू होणाऱ्या मोटारी त्या मानाने थोड्या. टाकीत जेमतेम दोन लिटर पेट्रोल ठेवण्याची काटकसर म्हणूनच महागात पडते. पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो व भोवतालचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते. टाकी कोरडी पडली की पंप तापतो, झिजतो. शिवाय पेट्रोलमधील चटकन उडणारा अंश कालांतराने निघून जातो आणि उरलेले पेट्रोल थंड इंजिनात सहज पेट घेत नाही.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते पाणी शोषते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉलसह ते वेगळे होऊन तळाशी बसते, आणि पंप उपसतो तो तळाचाच थर. खाडीकाठच्या दमट हवेला यासाठी दोष दिला जातो; पण केवळ हवेने असे क्वचितच घडते. सैल झाकण किंवा पावसाळ्यात तुंबलेले पाणी हेच बहुधा खरे कारण असते.

स्टार्टर जोमाने फिरूनही इंजिन सुरू होत नसेल, तर किल्ली ‘ऑन’ करून दोन सेकंद कान द्यावा. मागच्या आसनाखालून पंपाची बारीक घरघर ऐकू यायला हवी. ती नसेल तर प्रथम फ्यूज, मग रिले आणि शेवटी पंप तपासावा. घरघर असेल तर काट्यावर विसंबू नये. पाच लिटर ताजे पेट्रोल घालून किल्ली तीन-चार वेळा ‘ऑन-ऑफ’ करावी, म्हणजे नळीत दाब तयार होतो. पेट्रोलचा उग्र वास येत असल्यास इंजिनात इंधन जास्त झाले आहे असे समजावे व अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक काळ मात्र नको. एवढ्यानेही न भागल्यास टाकी रिकामी करून फिल्टर पाहण्याचे काम मेकॅनिककडे सोपवावे. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याचा जुना प्रकार जिवावर बेतू शकतो.

दोन प्रसंगी किल्लीला हातच लावू नये. वायूचा वास आला, तर दारे उघडून दूर व्हावे. भरतीच्या वेळच्या पावसात इंजिनपर्यंत पाणी चढले असेल, तर मोटार ओढूनच न्यावी. आत शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

भेसळीची शंका असल्यास पंपावर फिल्टर पेपरची चाचणी विनामूल्य मागता येते. थेंब उडून गेल्यावर डाग राहू नये. तथापि या चाचणीत पाणी कळत नाही. त्यासाठी पंपाच्या भूमिगत टाकीतील पाण्याची व पेट्रोलच्या घनतेची तपासणी करायला सांगावे आणि पावती जपून ठेवावी.