रसोन आणि शेळीचा चक्का

संस्कृतात लसणाचे एक नाव ‘रसोन’ आहे. सहा रसांपैकी एका रसाने उणा, म्हणून रसोन. भावप्रकाशात त्याची फोडही दिली आहे: मुळाशी कटू, पानांत तिक्त, नाळेत कषाय, नाळेच्या टोकाला लवण आणि बीजात मधुर. राहिला तो अम्ल. लसणात आंबटपणा नाही, हे निरीक्षण एवढ्या नेमकेपणाने नोंदवणाऱ्यांच्या जिभेचे मला फार कौतुक वाटते. शेळीच्या दुधाचे ताजे चीज, आपल्या भाषेत चक्का, म्हणजे तोच उणा रस, थोड्या स्निग्धतेसह. म्हणून हे दोन पदार्थ एकत्र आणणे ही परदेशी हौस वाटत असली, तरी तिला आपल्याकडचा आधार आहे. ताकाच्या कढीला लसणाची फोडणी आपण देतोच. प्रश्न फक्त क्रमाचा आहे: कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर, आणि विस्तव केव्हा.

घरातील वडीलधारी मंडळी इथे एक आक्षेप घेतात आणि तो टाळून पुढे जाऊ नये. लसूण खाऊन वर दूध पिऊ नये, असे चरकसंहितेत विरुद्धाहाराच्या विवेचनात सांगितले आहे. पण तो निषेध दुधाचा आहे. विरजलेल्या दुधात दुग्धशर्करेचे आम्ल झालेले असते, केसीन हे प्रथिन गोठलेले असते, पाणी निथळून गेलेले असते. कढी ज्या न्यायाने चालते, त्याच न्यायाने चक्का चालतो, असे माझे मत आहे.

नागपुरात शेळीचे दूध पिशवीत सहज मिळत नाही. ते मिळते शहराच्या कडेला, ज्यांच्या दारात चार-दोन बकऱ्या आहेत त्यांच्याकडे. डेंगीच्या दिवसांत त्याचा शोध एकदम वाढतो, कारण त्याने प्लेटलेट वाढतात असा समज आहे. त्याला भरवशाचा वैद्यकीय आधार नाही. विदर्भाची स्वतःची बेरारी जात नागपूर-वर्ध्याकडे आढळते, पण ती मुख्यतः मांसासाठी पाळतात आणि दूध बेताचेच देते. बकरी दुधासाठी प्रसिद्ध झाली ती इथून पाऊणशे किलोमीटरवरच्या सेवाग्राममुळे. गाई-म्हशीचे दूध न घेण्याचे व्रत गांधीजींनी घेतले होते. मोठ्या आजारपणानंतर, १९१९च्या सुरुवातीला, कस्तुरबांनी सुचवले की बकरीच्या दुधाला तर व्रत आड येत नाही. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, १९४० मध्ये त्या गावाचे सेवाग्राम झाले आणि बकरीचे दूध सबंध देशाच्या ओळखीचे झाले. रक्तदाबासाठी लसूणही त्यांच्या आहारात होता. दोन्ही वस्तू एका ताटात होत्या, पण औषध आणि व्रत म्हणून. चवीसाठी त्यांचा विचार आपल्याकडे फारसा झाला नाही, आणि मला तो करावासा वाटतो.

चवीचा पहिला अडथळा वास. शेळीच्या दुधातील स्निग्धांशात कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही आम्ले गाईच्या दुधापेक्षा बरीच जास्त असतात. तिन्ही नावांच्या मुळाशी शेळीचे लॅटिन नाव ‘काप्रा’ आहे. जोवर ही आम्ले स्निग्धकणांत बांधलेली असतात तोवर वास येत नाही. दुधातलेच लायपेज हे विकर त्यांना सुटे करते, आणि दूध हिंदकळले, तासन्‌तास कोमट राहिले की त्याला वाव मिळतो. म्हणून मोटारसायकलवरून किटली घरी आली की पातेले लगेच विस्तवावर चढले पाहिजे. बोकडाच्या शिंगांमागच्या ग्रंथींचा उग्र वास हा वेगळा प्रकार. तो उघड्या दुधात उतरतो. धार काढताना बोकड लांब बांधलेला आहे ना, एवढे विचारून घ्यावे.

उकळण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. धारोष्ण दूध बळ देते ही समजूत गावोगाव आहे. ब्रुसेलोसिसचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर ओळखला, आणि तो शेळ्यांच्या कच्च्या दुधातून माणसाकडे येतो हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामिट यांनी दाखवले. लांबत जाणारा ताप, सांधेदुखी, गर्भपात हे त्याचे परिणाम. फ्रान्समधील काही चीज कच्च्या दुधाचे असते, पण त्यामागे कळपांच्या तपासणीची मोठी व्यवस्था आहे. आपल्या दाराशी ती नाही. इथे उकळणे हाच नियम.

आता गोठवणे. शेळीच्या दुधात अल्फा-एस-१ केसीन बहुधा कमी असते, त्यामुळे दही सैल, कापडातून सरकणारे लागते. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटते की बिघडले. बिघडलेले नसते, तेच त्याचे रूप आहे. स्निग्धकण बारीक असून ते एकमेकांना चिकटून वर येत नाहीत, म्हणून जाड साय धरत नाही. सगळी स्निग्धता दह्यातच राहते. कॅरोटीनचे रूपांतर शेळी अ जीवनसत्त्वात करून टाकते, म्हणून चक्का पांढराशुभ्र.

फ्रेंच पद्धतीत दूध २० ते २२ अंशांवर जवळजवळ दिवसभर मंद आंबते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५च्या आसपास असताना, घरचे विरजण तीन-चार तासांत दूध धरते आणि रात्रभर ठेवले तर दातांना झोंबेल इतके आंबवते. हवामानाशी भांडण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात सकाळी विरजावे, धरले की लगेच फ्रिजमध्ये गार करावे आणि चक्का फ्रिजमध्येच टांगावा. वाळ्याच्या कूलरसमोर टांगून पाहिला. पाणी चांगले निथळते, पण आंबटपणा थांबत नाही. डिसेंबर-जानेवारीत उलट. रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, दूध हळूहळू धरते आणि चव अशी गोल होते की वर्षभराचा उत्तम चक्का मी त्याच दिवसांत खाल्ला आहे. एका लिटरमागे दीडशे ते दोनशे ग्रॅम चक्का मिळतो. त्यात अर्धा चमचा मीठ. उरलेले पाणी भाकरीच्या पिठात घालावे.

लिंबाने फाडण्याची दुसरी रीत आहे. तीत रवाळ, भुसभुशीत छेना मिळतो आणि लसूण त्यात एकजीव होत नाही, कणांभोवती राहतो. शिवाय मराठीत दूध ‘नासणे’ हा अपघात आणि ‘विरजणे’ हे काम. माझा कल विरजण्याकडे आहे.

लसणाकडे वळू. अख्ख्या पाकळीला जवळजवळ वास नसतो. पेशींच्या एका कप्प्यात ॲलिन असते, दुसऱ्यात ॲलिनेज हे विकर. पाकळी ठेचली की दोघांची गाठ पडते आणि क्षणात ॲलिसिन तयार होते, तिखटपणा तो. या विकराला उष्णता सोसत नाही आणि आम्लही मानवत नाही. यातून स्वयंपाकाचा पहिला नियम निघतो: कच्चा लसूण चक्क्यात घालायचा असेल तर आधी खलबत्त्यात मिठासोबत ठेचावा, दहा मिनिटे थांबावे, मग मिसळावा. पाकळ्या आंबट चक्क्यात टाकून मिक्सर फिरवला तर तिखटपणा अर्धवट राहतो.

मिसळल्यावर दुसरी प्रक्रिया सुरू होते. ॲलिसिन प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी जोडले जाते, आणि दूध उकळल्यामुळे ते गट आधीच उघडे झालेले असतात. गंधकाची इतर तेलकट संयुगे स्निग्धांशात विरघळतात. दूध लसणामुळे तोंडाला येणारा वास कमी करते, आणि साय काढलेल्या दुधापेक्षा सायीचे दूध जास्त, हे ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले होते. पुढे दह्याबाबतही तेच दिसले. म्हणजे चक्का लसणाला बांधून ठेवतो. दोनशे ग्रॅमला दोन पाकळ्या ताज्या मिश्रणात झोंबतात. दुसऱ्या दिवशी तेच मिश्रण शांत आणि खोल लागते. पहिल्या घासाला ‘जास्त झाला’ म्हणून लसूण कमी करण्याची घाई करू नये. कधी मिश्रणाला निळसर-हिरवी झाक येते. आम्ल आणि लसणातील गंधकाची संयुगे यांचा तो रंग; खायला काही हरकत नाही.

लसूण भाजला तर सगळेच बदलते. अख्खा गड्डा मंद विस्तवावर भाजताना विकर आधीच निकामी होते, ॲलिसिन तयारच होत नाही. त्याऐवजी लसणातील फ्रुक्टन फुटून गोडी येते. आंबट चक्का आणि हा गोड, लोण्यासारखा लसूण यांची जोडी कच्च्या लसणाहून सुंदर आहे. फोडणीचा लसूण या दोहोंच्या मध्ये बसतो. पाकळी सोनेरी झाली की उतरवावी; तपकिरी होताच कडवटपणा येतो आणि चक्क्याचा आंबटपणा तो झाकत नाही, वाढवतो.

चक्का विस्तवावर ठेवला तर वितळत नाही, याचा अनेकांना विरस होतो. आम्लाने केसीनमधील कॅल्शियम निघून गेलेले असते. उष्णता लागली की प्रथिने आणखी घट्ट आवळतात आणि पाणी सोडतात. रश्श्यात तो फुटतो. सावजीच्या काळ्या, झणझणीत रश्श्यात तर त्याची चवही उरत नाही. तिथे शेळीचे दूध वाया घालवू नये. चक्क्याची खरी जागा भरितात आहे. वांग्याला चिरा देऊन त्यांत लसणाच्या पाकळ्या खोचायच्या, निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजायचे. पाकळ्या वांग्याच्या वाफेत शिजतात. सोलून ठेचल्यावर कांद्याची पात आणि हिरवी मिरची घालायची, भरीत कोमट होऊ द्यायचे आणि मगच चक्का हलक्या हाताने कालवायचा. वर जवसाची चटणी, सोबत ज्वारीची भाकरी. धुरकट, गोड, आंबट, तिखट असे सगळे एका घासात येते.

साठवणीबद्दल एक इशारा. लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची पद्धत वाढते आहे, काही जण त्यात चीजचे गोळेही सोडतात. तेलाखाली हवा नसते, लसणात आम्ल नसते. मातीतून आलेल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमच्या बीजाणूंना तेवढे पुरते. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये अशाच तेलातील लसणामुळे बोट्युलिझमची साथ आली होती. तेलाला वास येत नाही, चव बदलत नाही, म्हणून कळतही नाही. लसणाचे तेल लागेल तेवढेच करावे, त्याच दिवशी वापरावे. लसूण घातलेला चक्का फ्रिजमध्ये झाकून ठेवावा आणि तीन दिवसांत संपवावा.