गावातून ऑनलाइन शॉपिंग: पिनकोड, कॅश ऑन डिलिव्हरी आणि ग्राहकाच्या सवयी (संपूर्ण माहिती)

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथे अंजनवेल हे गाव आहे. गोपाळगड किल्ला आणि जवळचा वीज प्रकल्प यामुळे नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. खाडीच्या पलीकडे दाभोळ. हे दाभोळ एकेकाळी इतकं मोठं बंदर होतं की १५व्या शतकात आलेल्या निकितिन या रशियन प्रवाशाने तिथे समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांच्या व्यापाराची नोंद केली आहे. आज त्याच खाडीच्या काठी बसून आपण मोबाईलवर बूट मागवतो आणि कुरिअरवाल्याच्या फोनची वाट बघतो.

अशा गावातून ऑर्डर करताना पडद्यामागे काय घडतं, दुकानं आपल्या सवयी कशा ओळखतात आणि पैसे अडकले तर काय करायचं, हे या लेखात पाहूया.

## ऑनलाइन खरेदी गावापर्यंत कशी आली?

घरबसल्या वस्तू मागवणं कोकणाला नवीन नाही. पेपरातली जाहिरात बघून पुस्तक किंवा घड्याळ व्हीपीपीने मागवायचं आणि पोस्टमन आला की पैसे देऊन पार्सल सोडवायचं, हे आजी-आजोबांना चांगलं आठवत असेल. आजची कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे त्याचंच नवं रूप. पुढचे टप्पे असे:

- २००७: फ्लिपकार्ट सुरू झालं, सुरुवातीला फक्त पुस्तकं. पहिली ऑर्डर मुंबई-दिल्लीतून नव्हे, तर महबूबनगरसारख्या छोट्या शहरातून आली होती.
- २०१०: फ्लिपकार्टने कॅश ऑन डिलिव्हरी आणली. कार्ड नसलेल्यांसाठी दार उघडलं.
- २०१३: अॅमेझॉनची भारतातली साइट सुरू झाली.
- २०१५: मीशोची सुरुवात. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून ओळखीच्यांना विकायची पद्धत यातून वाढली.
- २०१६: यूपीआय, जिओचा स्वस्त डेटा आणि नोटाबंदी एकाच वर्षात आले.

जिथे मोठ्या खरेदीसाठी शृंगारतळी किंवा चिपळूणला जावं लागतं, तिथे ऑनलाइन खरेदी म्हणजे नुसती चैन नाही. गाडीभाडं आणि एक दिवस वाचतो. म्हणूनच पार्सल चुकलं की त्रासही शहरापेक्षा जास्त होतो.

## पिनकोड टाकल्यावर काय होतं?

पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस होते. सहा आकड्यांपैकी पहिला आकडा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी तो ४ आहे. पहिले तीन आकडे मिळून टपालाची छाननी जिथे होते तो जिल्हा, आणि शेवटचे तीन म्हणजे वाटप करणारं पोस्ट ऑफिस.

गुहागर, चिपळूण, रत्नागिरीकडचे पिनकोड ४१५ ने सुरू होतात. पण सातारा आणि कराडचेही ४१५ नेच सुरू होतात! त्यामुळे एक आकडा चुकला तर पार्सल सह्याद्रीच्या पलीकडे जाऊ शकतं.

तुम्ही पिनकोड टाकता तेव्हा अॅप साधारण तीन गोष्टी तपासतं: तिथे कुरिअर जातं का, किती दिवस लागतील, आणि कॅश ऑन डिलिव्हरी द्यायची का. म्हणून एकच वस्तू पुण्यातल्या मित्राला उद्या मिळते आणि तुम्हाला आठवड्याने. दाभोळ अंजनवेलहून समोर दिसतं, पण ते दापोली तालुक्यात आहे. कुरिअरचा हिशोब नजरेच्या अंतरावर नाही, रस्त्यावर आणि वाटपाच्या केंद्रावर चालतो.

टीप: पत्त्यात वाडीचं नाव आणि जवळची खूण (देऊळ, शाळा, एसटी स्टॉप) नक्की लिहा. गावात घर नंबरापेक्षा वाडी लवकर सापडते.

## दुकानं ओळखतात त्या ग्राहकाच्या ४ सवयी

१. कार्टमध्ये टाकायचं आणि सोडून द्यायचं. जगभरच्या पाहण्यांनुसार साधारण ७० टक्के कार्ट पैसे न भरताच सोडल्या जातात. मुख्य कारण म्हणजे शेवटी वाढलेले चार्जेस. म्हणूनच नंतर "तुमची वस्तू वाट बघतेय" असं नोटिफिकेशन येतं. काही वेळा सोबत कूपनही असतं, त्यामुळे घाई नसेल तर एक दिवस थांबायला हरकत नाही.

२. कॅश ऑन डिलिव्हरीवर विश्वास. आधी वस्तू, मग पैसे, ही आपली सवय. पण पार्सल दारात नाकारलं की ते परत विक्रेत्याकडे जातं. याला धंद्याच्या भाषेत आरटीओ म्हणतात (आपल्या गाडीच्या आरटीओशी संबंध नाही!). जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही खर्च विक्रेत्याच्या डोक्यावर. समजा ३०० रुपयांच्या टी-शर्टवर विक्रेत्याला ६० रुपये नफा आहे आणि परत आलेल्या पार्सलचा खर्च १२० रुपये. मग एक नकार म्हणजे दोन विकलेल्या टी-शर्टचा नफा गेला. म्हणून दुकानं कॅशवर जादा फी लावतात, आधी पैसे भरल्यास सूट देतात, किंवा जिथून नकार जास्त येतात तिथे कॅश बंद ठेवतात. गंमत म्हणून केलेल्या ऑर्डरचा फटका अख्ख्या पिनकोडला बसू शकतो.

३. रिव्ह्यू बघून ठरवणं. नुसते स्टार बघू नका. ३ स्टारचे रिव्ह्यू आधी वाचा, त्यात चांगलं-वाईट दोन्ही असतं. ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा. एकाच दिवशी, एकाच भाषेतले दहा रिव्ह्यू दिसले तर सावध व्हा.

४. ओळखीवर खरेदी. इन्स्टाग्राम पेज किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवरून थेट पैसे पाठवले, तर मोठ्या अॅपची परताव्याची सोय तिथे नसते. पत्ता आणि परतीचे नियम न देणाऱ्या पेजला आगाऊ पैसे देऊ नका.

## डार्क पॅटर्न म्हणजे काय?

तुम्हाला नको ते घ्यायला लावणारी स्क्रीनची मांडणी म्हणजे डार्क पॅटर्न. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. नेहमी दिसणारे प्रकार हे:

- खोटी घाई: "फक्त २ शिल्लक, ५ मिनिटांत संपेल" असं म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशीही तेच दिसतं.
- गुपचूप भर: तुम्ही न निवडलेला विमा किंवा देणगी कार्टमध्ये टाकलेली असते.
- थेंबाथेंबाने वाढणारी किंमत: इअरफोन ४९९ रुपये दिसले. शेवटच्या स्क्रीनवर डिलिव्हरी ६०, कॅश फी २०, प्लॅटफॉर्म फी ७. झाले ५८६.
- लाजवणं: "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असं नकाराचं बटण.
- सबस्क्रिप्शनचा सापळा: सुरू करायला एक क्लिक, बंद करायचं बटण मात्र सापडत नाही.

उपाय सोपा आहे. पैसे भरण्याआधी शेवटचा हिशोब वरपासून खालपर्यंत वाचा आणि आधीच टिक केलेले चौकोन काढा.

## फसलो तर काय करायचं?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे वेगळे नियम आले. त्यानुसार विक्रेत्याची माहिती, वस्तू कुठल्या देशात बनली ते आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर असायलाच हवं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं बंधनकारक आहे. आता क्रमाने करा:

१. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. पत्त्याचं लेबल त्यात दिसू द्या.
२. अॅपमध्ये तक्रार नोंदवा, नंबर जपून ठेवा, स्क्रीनशॉट घ्या.
३. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.
४. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीतच दाखल करता येते. कंपनी बेंगळुरूची असली तरी. मुदत दोन वर्षं, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.
५. कुणी ओटीपी किंवा लिंकवरून खात्यातले पैसेच उडवले असतील, तर वेळ न घालवता १९३० आणि तुमच्या बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवण्याची शक्यता जास्त.

## गावातून विकायचं असेल तर?

हेच ज्ञान उलटं वापरा. कोकम, आगळ, आंबापोळी, कुळथाचं पीठ हे टिकाऊ पदार्थ आहेत, त्यामुळे पार्सलला दोन दिवस उशीर झाला तरी नुकसान होत नाही. ताज्या आंब्याचं तसं नाही, तिथे पोचायची तारीख हाच खरा माल. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ग्राहक स्क्रीनवर फळ हातात घेऊन बघू शकत नाही. त्याला तुमच्या बागेचा फोटो, पेटीतल्या फळांची संख्या आणि खराब निघाल्यास काय करणार हे आधी सांगा. खाद्यपदार्थासाठी एफएसएसएआयची नोंदणी लागते, तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापा. आणि डिलिव्हरीचा खर्च पहिल्याच फोटोखाली लिहा. कार्ट सोडून जाणारे कमी होतील.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रिफंड घ्यायला यूपीआय पिन टाकावा लागतो का?
नाही. पैसे घेताना पिन लागत नाही. रिफंडसाठी कुणी पिन मागितला की फोन ठेवा.

न मागवलेलं कॅशचं पार्सल आलं तर?
पैसे देऊ नका. आधी घरात विचारा, मग आपल्या अॅपमध्ये ऑर्डर आहे का बघा. आई-बाबांनाही हे सांगून ठेवा, कारण दुपारी घरात बहुतेक तेच असतात.

एमआरपीपेक्षा जास्त किंमत घेता येते का?
वस्तूची नाही, एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. डिलिव्हरीचा आकार वेगळा असू शकतो, पण तो आधी स्पष्ट दाखवायला हवा.

माहिती उपयोगी वाटली तर गावच्या ग्रुपवर नक्की शेअर करा. १९१५ आणि १९३० हे दोन नंबर मात्र आत्ताच सेव्ह करून ठेवा.