गिरणी कामगारांचे वार्धक्य आणि सामाजिक उदासीनता : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

वृद्धांविषयी समाजात वाढत चाललेल्या उदासीनतेची चर्चा मराठीत बहुधा एकाच अंगाने होते. एकत्र कुटुंब मोडले, मुले शहरात किंवा परदेशात गेली, संस्कार क्षीण झाले आणि आईवडील एकाकी पडले, असा तिचा सूर असतो. या मांडणीत तथ्य नाही असे नाही. परंतु तीत इतिहास फारसा नसतो. वृद्धांचा सांभाळ पूर्वी कोणाच्या बळावर होत होता, त्याचा भार कोण सोशीत होते आणि ती घडी केव्हा व कशामुळे विस्कटली, हे प्रश्न तेथे सहसा विचारले जात नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. १९६१ मध्ये हेच प्रमाण ५.६ टक्के होते. एवढ्या मोठ्या समूहाच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेचा उलगडा केवळ मुलांच्या स्वभावदोषातून होणे शक्य नाही. प्रस्तुत लेखात म्हणूनच मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वार्धक्याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

गावाच्या भरवशावरील म्हातारपण :

कावसजी दावर यांची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली आणि पुढील काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा परिसर गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. तेथील कामगार प्रामुख्याने रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेला होता. तो बहुधा एकटा येई. पत्नी, मुले आणि वृद्ध आईवडील गावी राहत. चाळीतील एका खोलीत गावकऱ्यांसोबत पथारी, खानावळीतील जेवण आणि महिन्याच्या महिन्याला गावी धाडलेली मनीऑर्डर, असा त्याचा संसार असे. कापसाच्या धुळीने छाती भरली, नजर मंदावली, मागाच्या वेगाशी हात जुळेनासे झाले की तो गावी परते. खोलीतील त्याची जागा, आणि जॉबरची मर्जी असल्यास गिरणीतील कामही, मुलाकडे किंवा पुतण्याकडे जाई.

हा क्रम कोणी आखून दिलेला नव्हता; मात्र त्यात अनेकांचा हिशेब बसत होता. गिरणीमालकास कामगाराच्या उमेदीच्या वर्षांचीच मजुरी द्यावी लागे, त्याच्या म्हातारपणाची तरतूद करण्याचे कारण नव्हते. शासनासही ही व्यवस्था सोयीची होती. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या व्हिटले आयोगाने कामगाराचा गावाशी असलेला संबंध टिकवून ठेवावा, अशी शिफारस केली होती. कामगाराची कमाई घटली, खंडित झाली किंवा संपली तर गाव हा त्याचा एक प्रकारे विमाच आहे, अशी त्यामागील धारणा होती.

हा विमा भरत कोण होते, हे येथे पाहणे आवश्यक ठरते. कोकणातील जमिनीचे तुकडे लहान, त्यांतील बरीच जमीन खोतांच्या ताब्यातील. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. वर्षभर पुरेल एवढे धान्य अनेक घरांत पिकत नसे. ज्या गावाने कामगारास म्हातारपणी आधार द्यावयाचा, ते गाव स्वतःच त्याच्या मनीऑर्डरवर जगत होते. उरलेला भार स्त्रियांवर होता. सासूसासऱ्यांची शुश्रूषा करणारी, शेत राखणारी आणि अखेरीस थकून परतलेल्या नवऱ्यालाही सांभाळणारी कामगाराची पत्नी कोणत्याही हजेरीपटावर नव्हती. एकत्र कुटुंबाच्या गौरवपर वर्णनांत तिच्या या श्रमांचा उल्लेख अभावानेच आढळतो, हे येथे नमूद केले पाहिजे. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी, कामगाराची गावाशी असलेली जवळीक हे त्याच्या मागासलेपणाचे लक्षण नसून शहरातील कामाच्या अनिश्चिततेला त्याने दिलेले उत्तर होते, असे दाखवून दिले आहे. वार्धक्याच्या संदर्भात हे विवेचन अधिकच लागू पडते.

कायद्यातील रिकामी जागा :

स्वातंत्र्योत्तर काळात १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदा आणि १९७२ चा उपदान कायदा यांमुळे कामगारास निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसे मिळू लागले. १९७१ ची कुटुंब निवृत्तिवेतन योजना मात्र मुळातून पाहण्याजोगी आहे. कामगार सेवेत असताना मृत्यू पावल्यास त्याच्या कुटुंबास या योजनेतून मासिक वेतन मिळे; तो जिवंत राहून म्हातारा झाल्यास त्याला स्वतःला मासिक वेतन नव्हते. कामगाराच्या मृत्यूची कल्पना कायद्याने केली होती, त्याच्या दीर्घायुष्याची केली नव्हती. ही उणीव भरून काढणारी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आली.

या दोन तारखांच्या मध्ये १८ जानेवारी १९८२ ही तारीख येते. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्या दिवसापासून संपावर गेले. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. ज्यांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही आणि ज्यांनी निधीची रक्कम काढून घेऊन घर चालविले, ते पुढे १९९५ च्या योजनेच्या कक्षेबाहेरच राहिले. जे नंतरही कामावर होते, त्यांना तिचा लाभ झाला. परंतु त्या योजनेतील किमान वेतन १००० रुपये ठरण्यास २०१४ साल उजाडावे लागले.

संपाचे परिणाम नोकरी गमावण्यापुरते मर्यादित नव्हते. मनीऑर्डर थांबताच गावच्या वृद्धांचा आधार तुटला. कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियाही अडचणीत आल्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे त्यांपैकी काहींना संघटनेचे बळ लाभले होते. एरवी त्यांच्या म्हातारपणाचा विचार कोणत्याच कायद्यात नव्हता. त्याहूनही खोल परिणाम पितापुत्र संबंधावर झाला. पूर्वी परतणारा बाप मुलाच्या हाती गिरणीतील काम आणि चाळीतील जागा देऊन परतत असे. १९८२ नंतर त्याच्याजवळ देण्यासारखे काही उरले नाही, आणि घेण्यासाठी उभ्या असलेल्या मुलास शहरात मिळेल ते रोजंदारीचे काम शोधावे लागले. अशा घरांत बापाची आबाळ झाली असेल, तर तिला संस्कारांचा ऱ्हास म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. अर्थात, हलाखीतही ज्या मुलांनी आईवडिलांना अंतर दिले नाही, त्यांची संख्या थोडी नसावी. त्यांची नोंद ठेवण्याची गरज मात्र कोणास भासली नाही.

जमीन, घरे आणि प्रतीक्षा :

गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन हा त्यानंतरच्या काळातील मुख्य विषय बनला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार या जमिनीची महापालिका, म्हाडा आणि मालक अशी विभागणी व्हावयाची होती. २००१ मधील बदलाने ती केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य मानला. म्हाडाच्या वाट्यातून कामगारांसाठी घरे बांधण्यात आली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेले कामगार त्यांस पात्र ठरले.

पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली व तीत ६,९२५ घरे होती. २०१६ आणि २०२० मध्ये आणखी सोडती निघाल्या. अर्जदारांची संख्या मात्र पावणेदोन लाखांच्या आसपास होती. संपाच्या वेळी चाळीस वर्षांचा असलेला कामगार पहिल्या सोडतीच्या वेळी सत्तरीत पोहोचला होता. त्याच काळात गिरण्यांच्या जागी मॉल आणि उंच निवासी मनोरे उभे राहिले. सामाजिक उदासीनता म्हणतात ती हीच. येथे कोणी कोणास घराबाहेर काढले नाही, कोणी अपशब्द वापरला नाही. केवळ तीस वर्षे वाट पाहावयास लावले.

२००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदाही या संदर्भात तपासावा लागतो. या कायद्याने मुलांवर निर्वाहखर्चाची सक्ती केली. वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद केली. प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रम स्थापन करण्याचे कलम त्यात आहे, परंतु तेथे राज्य शासनावर सक्ती नाही; शासन तसे करू शकेल, एवढेच म्हटले आहे. व्हिटले आयोगाने जी जबाबदारी गावावर सोपविली होती, ती आता पुन्हा कुटुंबावरच येऊन पडली आहे. दरम्यान ज्या मजुरीवर ते गाव आणि ते कुटुंब उभे होते, ती नाहीशी झाली आहे.

घरांसाठी पात्रता सिद्ध करण्याकरिता तिकीट क्रमांक, हजेरीपत्र, कामगार विम्याचे कार्ड, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक असे पुरावे मागितले जातात. चार दशकांपूर्वीचे हे कागद आता अनेकदा कामगाराची विधवा किंवा नातवंडे घेऊन येतात, आणि अर्जावर कामगाराच्या नावाखाली वारसाचे नाव लिहिले जाते.