तोंडाचा वास आणि पुराव्याचा भार

गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे अब्बा घरी आले. रात्रीच्या नाकाबंदीत मुलगा मोटारसायकलवर पकडला गेला होता. यंत्रात फुंकायला लावल्यावर दारूचे प्रमाण निघाले आणि कोर्टाची तारीख मिळाली. ते म्हणाले, "सर, वकील-बिकील नको. त्याला कबूल कर म्हणतो, दंड भरून टाकतो. मोहल्ल्यात कळायला नको."

दारू हराम आहे, यावर आमच्यात वाद नव्हता. पण गुन्हा कशाला म्हणतात, तो कोणी सिद्ध करायचा, हा प्रश्न वेगळा आहे. मी त्यांना १९५१ सालची एक हकीकत सांगितली.

तेव्हाच्या मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात त्यातला काही भाग रद्द ठरवला. अल्कोहोल असलेली औषधे घेण्यावर सरकारला सरसकट बंदी घालता येणार नाही, असा निकाल दिला. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, २९ मे रोजी रात्री, कुलाब्याकडे जाणाऱ्या एका जीपने रस्त्यावरच्या तिघांना धडक दिली. जीप चालवणारे बेहराम पेसिकाका त्या वेळी मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी होते. म्हणजे चक्क आरटीओ!

डॉक्टरांनी तपासले. तोंडाला अल्कोहोलचा वास होता, डोळे लालसर होते. पण बोलणे सुसंगत होते आणि सरळ रेषेत चालताही येत होते. पेसिकाकांचे म्हणणे होते की त्यांनी बी. जी. फॉस नावाचे टॉनिक घेतले होते आणि त्यात अल्कोहोल असते. मॅजिस्ट्रेटने त्यांना सोडले. उच्च न्यायालयाने दारूबंदी कायद्याखाली एक महिना सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांचे एकमत होईना, म्हणून प्रकरण मोठ्या पीठापुढे गेले. शेवटी बहुमताने ते निर्दोष सुटले. नुसत्या वासावरून पोटात गेलेले औषध की मनाई असलेली दारू, हे ठरत नाही. ते सिद्ध करणे सरकारचे काम, आरोपीचे नव्हे. याच निकालात असेही म्हटले गेले की मूलभूत हक्क नागरिकाने स्वतः सोडून देतो म्हटले तरी सुटत नाहीत.

हे ऐकून आपल्याकडच्या जुन्या उलेमांना नवल वाटले नसते. बाराव्या शतकातल्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात नुसत्या वासावरून दारूची शिक्षा देऊ नये, असेच सांगितले आहे. वासाबद्दल शंका राहते, आणि एखाद्याला जबरदस्तीनेही पाजलेली असू शकते. साक्षीदार हवेत किंवा स्वतःहून दिलेली कबुली हवी. शंका असेल तिथे हद्दची शिक्षा टळते, हे फिकहमधले मोठे तत्त्व आहे. दारूला इतके वाईट मानणाऱ्यांनीच पुराव्याबाबत इतकी काळजी घेतली, हे विसरू नये.

पुढे कायदा बदलला. १९५९ च्या सुधारणेनंतर रक्तात ठरावीक प्रमाणाच्या वर अल्कोहोल आढळल्यास खुलासा करण्याची जबाबदारी आरोपीवर आली. त्यामुळे रक्ताच्या तपासणीला महत्त्व आले. १९७१ मध्ये मुंबईच्याच एका मोटारचालकाच्या प्रकरणात वास, लटपटती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या असे सारे नोंदवले होते, पण रक्ताचा अहवाल कोर्टात आलाच नाही. तो नशेत होता असे ठामपणे म्हणायला सर्वोच्च न्यायालय तयार झाले नाही. आजच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्यांदा सापडल्यास कैद दोन वर्षांपर्यंत जाते. म्हणजे आजची घाईघाईची कबुली उद्या 'पहिला गुन्हा' म्हणून समोर येते.

वकील फक्त पैसेवाल्या अधिकाऱ्यांनाच मिळतो, असेही नाही. संविधानाच्या कलम २२ ने अटक झालेल्याला आपल्या पसंतीचा वकील दिला. १९७६ मध्ये आलेल्या कलम ३९-अ ने मोफत कायदेशीर मदतीची जबाबदारी राज्यावर टाकली. १९७९ च्या हुसैनारा खातून खटल्याने बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे सडणाऱ्या कच्च्या कैद्यांसाठी हा हक्क जिवंत केला. १९८७ च्या कायद्यातून आलेली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे आज बहुधा कोर्टाच्या आवारातच असतात. कमी उत्पन्न असलेल्यांना, स्त्रियांना, कोठडीत असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

अब्बा मुलाला घेऊन तिथे गेले. वकीलबाईंनी यंत्राची पावती, वेळ, पंचनामा सारे पाहिले. नोंद बरोबर होती. मुलाने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि दंड भरला.

मग वकिलाचा उपयोग काय झाला, असे कोणी विचारेल. पहिली कबुली लोक काय म्हणतील या भीतीने देणार होता. दुसरी त्याने कागद वाचून, आपण काय केले ते समजून दिली. रस्त्यावर कोणाचा जीव जाऊ शकला असता, हे त्याला त्या कार्यालयातल्या बाकावर बसून कळले. १९५१ च्या त्या रात्री जीपखाली आलेल्या तिघांचीही गोष्ट मी त्याला सांगितली. गाडीची किल्ली आता अम्मीकडे असते.