उलटे आटे आणि गाडीखालचा डाग

जुनी अ‍ॅम्बेसेडर कुठे उभी असते, हे मालकाला विचारावं लागत नाही. जमीन सांगते. फरशीवर हातभर लांबीचा काळा डाग आणि त्याच्या मधोमध आज सकाळचा ओला ठिपका. आता हौसेने अशी गाडी विकत घेणारे तरुण वाढले आहेत, आणि बहुतेकांचा पहिला रविवार हा ठिपका बंद करण्यात जातो. कामाला लागण्याआधी एक गोष्ट मात्र माहीत असलेली बरी. यातला काही ठिपका बिघाडाचा असतो आणि काही इतिहासाचा. बिघाड घरी दुरुस्त होतो.

यंत्रात तेल कोंडून ठेवायची कल्पना तशी अलीकडचीच. बैलगाडीच्या आसाला घातलेलं वंगण बाहेर येणारच, हे गाडीवान धरून चालायचा. म्हणून तर गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं. सुरुवातीच्या मोटारी आणि मोटारसायकलींतही हाच हिशेब होता: तेल थेंबाथेंबाने आत सोडायचं, ते काम करून जळून किंवा गळून जायचं, पुन्हा नवं घालायचं. पुढे तेच तेल पंपाने फिरवून परत वापरायला लागले, तेव्हा खरा प्रश्न आला. क्रँकशाफ्ट इंजिनातून मागे बाहेर पडतो आणि क्लचला जोडला जातो. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या त्या दांड्याभोवती तेल अडवायचं कसं?

कोणी ग्रॅफाइट लावलेली दोरी गुंडाळली, कोणी फेल्टची चकती बसवली. जर्मनीतल्या वाइनहाइमच्या फ्रॉइडेनबर्ग कारखान्याचा मूळ धंदा कातडी कमावण्याचा. १९२९ नंतरच्या मंदीत तो अडचणीत आला, तेव्हा कातड्याची सील करायला तिथे सुरुवात झाली. वाल्टर झिमर या अभियंत्याने १९३० च्या दशकात तिथे जे सील घडवलं, त्यात शाफ्टला टेकणारा पातळ ओठ होता आणि तो ओठ दाबून धरणारी स्प्रिंग. आधी कातड्याचं, मग कृत्रिम रबराचं. आज तुमच्या स्कूटरमध्ये जे ‘ऑइल सील’ आहे, ते याच वंशातलं.

पण इंग्लंडमधल्या बीएमसी कंपनीने आपल्या बी-सीरीज इंजिनात मागच्या बाजूला हे सील घातलंच नाही. त्यांनी शाफ्टवरच आटे कापले. हे आटे घराला टेकत नाहीत. मध्ये काही हजारांश इंचाची फट असते. शाफ्ट फिरला की आट्यांचे चर बाहेर येऊ पाहणारं तेल परत आत ढकलतात. कल्पना हुशारीचीच आहे. काही घासत नाही, काही झिजत नाही, बदलायला सुटा भागच नाही. फक्त इंजिन बंद झालं की आटेही थांबतात आणि चरात उरलेलं तेल निवांतपणे खाली उतरतं. म्हणजे गाडी धावताना कोरडी आणि उभी राहिली की गळकी! याच घराण्यातल्या एमजीसारख्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या घरात खाली एक भोक असे आणि त्यात सैल लोंबकळणारी स्प्लिट पिन. पिन हलत राहिली की भोक तुंबत नाही. तेल बाहेर जायला वाट करून द्यायची, ती बुजू नये म्हणून सोयही करायची! ज्यांनी ते भोक पाडलं, त्यांना गळती होणार हे ठाऊक होतं.

हे इंजिन आपल्याकडे कसं आलं? पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सने १९५७ मध्ये मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून अ‍ॅम्बेसेडर काढली. सुरुवातीचं इंजिन जुन्या साइड-व्हॉल्व्ह पद्धतीचं होतं. १९५९ मध्ये बी-सीरीजचं १४८९ सीसीचं, तीन बेअरिंगांचं इंजिन आलं. इंग्लंडमध्ये याच घराण्याचं मोठं इंजिन १९६४ मध्ये पाच बेअरिंगांचं झालं आणि त्याला मागे ओठाचं सीलही मिळालं. तिकडचा ठिपका तिथेच आटोपला. आपल्याकडे तीन बेअरिंगांचं पेट्रोल इंजिन नव्वदच्या दशकापर्यंत पोचलं.

दोष एकट्या कारखान्याचा नाही. किती गाड्या काढायच्या ते परवान्यावर ठरायचं, परकीय चलन तुटपुंजं, आयातीला दार बंद. नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबलेला माणूस दारात आलेली गाडी एका थेंबासाठी परत पाठवेल का? तो खाली पत्र्याचा ट्रे ठेवायचा. गिऱ्हाईक जाणार नाही याची खात्री असली की कारखान्याला आटे बदलायचं कारण उरत नाही. माझ्या मते परवाना राजवटीचा सगळ्यात टिकाऊ पुरावा कुठल्या सरकारी फायलीत नाही, पोर्चमधल्या फरशीवर आहे.

आता रविवारचं काम. तेल वरून खाली ओघळतं आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे थेंब पडतो तिथे गळती असेलच असं नाही. आधी थंड इंजिन घासून स्वच्छ करायचं, कोरडं करायचं, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरायची. थोडी चक्कर मारून आलं की पावडरीवर ओली रेघ दिसते. खाली कोरा पुठ्ठा टाकायचा. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही. पक्के घोडे लावायचे, चाकांना ओटी द्यायची.

बहुतेकदा गुन्हेगार वरच सापडतो. रॉकर कव्हरचं कॉर्कचं पॅकिंग वाळून चिरलेलं असतं. इंजिनाच्या कुशीत, मॅनिफोल्डखाली टॅपेटची दोन झाकणं असतात, प्रत्येक एकाच बोल्टवर धरलेलं. ती लोकांना दिसतच नाहीत, आणि दिसली की हात शिवशिवतात. गळतंय म्हणून बोल्ट आणखी आवळला, की पातळ पत्रा मधोमध वाकतो, कॉर्क बाहेर येतं आणि गळती दुप्पट होते. झाकण काढून सपाट काचेवर ठेवून बघा. कडा डुलत असतील तर आधी लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने ठोकून सरळ करा. जुनं पॅकिंग खरवडताना ते ओलं ठेवा. त्या काळच्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, त्याची धूळ छातीत जाऊ द्यायची नाही.

आणि पॅकिंगला हात लावण्याआधी ब्रीदर बघा. पिस्टनच्या कडेने निसटलेला वायू इंजिनाच्या पोटात साठतो. त्याची बाहेर जायची नळी चिकट काजळीने तुंबली, की तो दाब तेलाला मिळेल त्या फटीतून ढकलतो. अशा इंजिनात नवं पॅकिंगही चार दिवसांत हरतं. नळी आणि तिची जाळी रॉकेलने धुतली आणि गळती निम्म्यावर आली, असं पुष्कळदा होतं. खर्च शून्य. (तरी झाकण काढल्यावर तिथून धुराचे फुत्कार येत असतील, तर रिंगा गेल्या. तो विषय वेगळा आणि खिसा मोठा.)

एवढं करून पुढचं सगळं कोरडं झालं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली मात्र रोज एखादा थेंब पडत राहिला, तर तो त्या उलट्या आट्यांचा. थेंबाची धार झाली, तर मागचं बेअरिंग झिजून शाफ्ट खाली बसलाय आणि फट वाढली आहे. मग इंजिन उतरवण्याला पर्याय नाही. जुन्या तीन बेअरिंगांच्या इंजिनांना मागे रबरी सील बसवायची किटं परदेशात मिळतात, पण त्यासाठीही इंजिन खालीच येतं. रोजच्या एका थेंबासाठी मी ते करणार नाही. डिपस्टिक आठवड्याला बघावी, ट्रेमध्ये थोडा लाकडाचा भुसा टाकावा. गाडी रात्री नाक वर करून चढावर मात्र उभी करू नये. सगळं तेल मागच्या आट्यांकडे जाऊन बसतं.