गोगलगाय आणि तांदळाचे जनुक: एका अपूर्ण प्रयोगाचा इतिहास

शेतीतील जैवतंत्रज्ञानाचा इतिहास शिकताना बीटी कापसाचे उदाहरण नेहमी येते. शेतापर्यंत न पोहोचलेले प्रयोगही अभ्यासण्यासारखे असतात. त्यांपैकी एक आपण येथे पाहू.

ब्रिटनच्या ओलसर हवेत बिनशंखाची गोगलगाय गहू आणि बटाट्याचे मोठे नुकसान करते. १९३० च्या दशकापासून तिच्यावर मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्यांचा वापर होऊ लागला. परंतु हे द्रव्य पावसाबरोबर ओढ्या-नद्यांत उतरते आणि पिण्याच्या पाण्यातून काढणे अवघड जाते. मग रोपालाच संरक्षण देता येईल का?

१९८७ मध्ये अळ्यांविरुद्ध दोन मार्ग पुढे आले. बेल्जियममध्ये बीटी जिवाणूचे जनुक तंबाखूत घालण्यात आले. इंग्लंडमधील डरहॅम येथे चवळीतील ट्रिप्सिन-रोधकाचे जनुक तंबाखूत घालण्यात आले. गोगलगाय मात्र कीटक नसून मृदुकाय प्राणी आहे. तिच्या पचनात सिस्टीन प्रोटिएज या गटातील विकरे महत्त्वाची असतात. ट्रिप्सिन वेगळ्या गटातले, म्हणून येथे वेगळा रोधक हवा होता.

तो तांदळात सापडला. ओरायझासिस्टॅटिन या प्रथिनाच्या जनुकाचे वर्णन जपानी संशोधकांनी १९८७ मध्येच केले होते. पुढे लीड्स विद्यापीठात सूत्रकृमींसाठी त्यातील एक अमिनो आम्ल वगळून ते अधिक प्रभावी करण्यात आले. १९९९ मध्ये ब्रिस्टलजवळील लाँग ॲश्टन संशोधन केंद्र आणि लीड्सच्या संशोधकांनी हे जनुक असलेली अरॅबिडॉप्सिसची पाने गोगलगायींना खाऊ घातली. त्यांची वाढ मंदावली.

वाढ मंदावणे आणि पीक वाचणे यांत मात्र अंतर आहे. गोगलगाय पेरलेला गहू आतून पोखरते. हळूहळू काम करणारा रोधक ते बी वाचवेलच असे नाही. शिवाय १९९८ ते २००४ या काळात युरोपीय संघात नव्या जनुकीय पिकांच्या मंजुऱ्या जवळपास थांबल्या होत्या. २००३ मध्ये लाँग ॲश्टन केंद्रही बंद झाले. ब्रिटनमध्ये मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचा शेतातील वापर थांबायला मार्च २०२२ उजाडला.

थोडक्यात, रोधक शोधण्यापूर्वी प्राण्याचे पचन समजून घ्यावे लागते, आणि प्रयोगशाळेतील पान म्हणजे शेत नव्हे.

विचारासाठी प्रश्न: गोगलगाय-रोधक पीक यशस्वी झाले हे ठरवताना तुम्ही काय मोजाल: प्राण्याचे वजन, की उभी राहिलेली रोपे?